पाव, कागद आणि राजा : 5-6 ऑक्टोबर 1789चं व्हर्साय प्रकरण

फ्रेंच राज्यक्रांती म्हटलं की शाळेपासून आपल्या तोंडी एकच तारीख बसलेली असते : 14 जुलै 1789, बॅस्टिल पडलं तो दिवस. त्या दिवसाचं महत्त्व कमी करायचा प्रश्नच नाही. पण महागाईने गांजलेल्या लोकांचा संताप राजसत्तेच्या मुळावर नेमका कसा आला, हे एकाच प्रकरणातून समजून घ्यायचं असेल, तर मी तिथून बाराएक आठवडे पुढे जाईन. 5 ऑक्टोबर 1789, सोमवार. त्या दिवशी पॅरिसच्या बाजारातल्या बायका भर पावसात व्हर्सायला, म्हणजे राजाचा राजवाडा होता त्या गावी, चालत गेल्या आणि दुसऱ्या दिवशी राजा, राणी आणि त्यांच्या मुलांना घेऊनच परतल्या. राजा पुन्हा कधीही व्हर्सायला राहायला गेला नाही.

हे प्रकरण निवडायला आणखी एक कारण आहे. याच राजाच्या कारकिर्दीत, याच व्हर्सायमध्ये, पावाच्या भावासाठीच चौदा वर्षं आधीही लोक जमले होते. तेव्हा दोन माणसांना फासावर चढवून राज्य मोकळं झालं. राजा तोच, मागणीही तीच. शेवट मात्र उलटा झाला. तो का, हे पाहणं हाच या अभ्यासाचा हेतू.

1775 : तोंडी मिळालेला भाव

लुई सोळावा मे 1774 मध्ये गादीवर आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. त्याचा अर्थमंत्री तुर्गो मोठा अभ्यासू माणूस. धान्यावरची सरकारी बंधनं उठवली की माल आपसूक टंचाईच्या भागाकडे वळेल, असं त्याचं ठाम मत होतं. सप्टेंबर 1774 मध्ये त्याने व्यापार खुला केला आणि नेमकं त्याच साली पीक कमी आलं. 27 एप्रिल 1775 ला पॅरिसच्या उत्तरेकडच्या बोमाँ-सूर-वाझ या गावच्या बाजारात दंगा झाला. पुढच्या तीनेक आठवड्यांत त्याचं लोण सुमारे तीनशे ठिकाणी पोचलं. इतिहासात याला ‘पिठाचं युद्ध’ म्हणतात. 2 मेला ते व्हर्सायला आलं, 3 मेला पॅरिसमध्ये.

या दंग्यांत लोक काय करत होते ते मुद्दाम पाहण्यासारखं आहे. बऱ्याच ठिकाणी त्यांनी सरसकट लूट केली नाही. पोती उघडायची, आपल्याला रास्त वाटेल तो भाव पुकारायचा, तेवढे पैसे व्यापाऱ्याच्या पुढ्यात ठेवायचे आणि धान्य घेऊन जायचं. यामागे एक जुनी समजूत होती. राजा म्हणजे प्रजेचा अन्नदाता, भाव आवाक्यात ठेवणं हे त्याचं कर्तव्य. तो ते करत नसेल तर त्याला कोणीतरी फसवतंय : साठेबाज, गिरणीवाले, मंत्री. राजावर कोणाचा राग नव्हता. त्याचं राहून गेलेलं काम आपण तात्पुरतं हातात घेतोय, अशीच लोकांची भावना होती.

व्हर्सायच्या गव्हर्नरने पाव दोन सू (तेव्हाचं छोटं फ्रेंच नाणं) पौंडाने विकायचं कबूल केलं तेव्हा जमाव पांगला. तुर्गोने ती सवलत लगोलग रद्द करवली. पंचवीस हजार सैनिक रस्त्यांवर आणि बाजारांत उतरले. 11 मेला पॅरिसच्या ग्रेव्ह चौकात दोघांना फाशी दिली गेली. एक केसांचे टोप करणारा होता, दुसरा जाळीदार कापड विणणारा. बरोबर महिन्याने, 11 जूनला, रांसच्या कॅथेड्रलमध्ये लुईचा राज्याभिषेक थाटामाटात पार पडला.

अधिकाऱ्याने तोंडी दिलेला भाव दुसऱ्या दिवशी काढून घेता येतो, एवढी नोंद इथे करून ठेवू.

मधली चौदा वर्षं

या काळाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, म्हणून प्रकरणाला लागेल तेवढंच सांगतो. फ्रान्सने अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात पैसा ओतला तो बहुतेक कर्ज काढून. 1788 च्या अंदाजपत्रकात खर्च सुमारे 63 कोटी लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) आणि उत्पन्न 50 कोटींच्या घरात. खर्चातला निम्मा भाग एकट्या कर्जफेडीचा. दरबारावरचा खर्च एकूण खर्चाच्या सहा टक्क्यांच्या आसपास होता, त्यामुळे राणी मारी आंत्वानेतच्या पोशाखांनी खजिना रिकामा झाला ही गोष्ट कितीही रंगवून सांगितली तरी हिशेबात बसत नाही. खरी अडचण अशी होती की ज्यांच्याकडे जमीन आणि पैसा होता त्या सरदार-धर्मगुरूंना मोठ्या करमाफ्या होत्या आणि त्या सोडायला ते राजी नव्हते. 1787 मध्ये राजाने मान्यवरांची सभा बोलावून विनवून पाहिलं. ऑगस्ट 1788 मध्ये सरकारला देणी थांबवावी लागली आणि 1614 नंतर एकदाही न भरलेली इस्टेट्स जनरल ही धर्मगुरू, सरदार आणि सामान्य लोक या तिन्ही वर्गांची सभा बोलावणं भाग पडलं.

त्याच उन्हाळ्यात, 13 जुलै 1788 ला, उत्तर फ्रान्सच्या मोठ्या पट्ट्यावर प्रचंड गारपीट झाली. सुगी बुडाली. मागून आलेला हिवाळा असा कडाक्याचा की सेन नदी गोठली. पॅरिसमध्ये चार पौंडांचा पाव एरवी आठ-नऊ सूंना मिळायचा, तो फेब्रुवारी 1789 पर्यंत साडेचौदा सूंवर गेला. साध्या मजुराची दिवसाची मजुरी वीस ते तीस सू, आणि सणवार व सुट्ट्यांचे दिवस बिनमजुरीचे. त्या काळच्या गरीब घरात पाव हे तोंडी लावणं नव्हतं, तेच जेवण होतं. त्यामुळे घरभाडं, सरपण, कपडे यांच्यासाठी हातात काही उरेना आणि कापड, चपला, फर्निचर विकणाऱ्यांची गिऱ्हाइकं तुटली. भाव वाढले तसे रोजगारही गेले.

इथवर ही 1775 चीच मोठी आवृत्ती वाटते. फरक पडला तो त्या वसंतात. इस्टेट्स जनरलच्या निवडणुकीआधी राजाने गावोगावच्या लोकांना, कारागिरांच्या संघांना आपापली गाऱ्हाणी लिहून पाठवायला सांगितलं. लोकांनी खरंच लिहिलं. मिठावरचा जुलमी कर, धर्मगुरूंचा दशमांश, उभ्या पिकातून घोडे घालणारी जमीनदारांची शिकार. अनेक गावांनी तर जमीनदाराच्या कबुतरांबद्दल लिहिलं. कबुतरखाना ठेवायचा हक्क जमीनदाराचा, ती कबुतरं पेरलेलं बी टिपून खाणार आणि शेतकऱ्याने त्यांना मारायचं नाही. मला या कबुतरांचं गाऱ्हाणं फार मोलाचं वाटतं. कारण पिढ्यान्‌पिढ्या नशीब म्हणून सोसलेली गोष्ट कागदावर आली की तिचा अन्याय होतो, आणि अन्यायावर उत्तर मागता येतं. राजाने विचारलंय म्हणजे आता काहीतरी होणार, ही अपेक्षा देशभर पसरली. उपाशी माणसाला आशा लावून ठेवल्यावर 1775 सारखं पोत्यांच्या भावावर थांबणं शक्य नव्हतं.

शिपाई कोणाचे?

एप्रिल 1789 च्या अखेरीस पॅरिसच्या सेंत आंत्वान या कारागीर वस्तीत अफवा उठली की रेव्हेयाँ नावाचा वॉलपेपरचा कारखानदार मजुरी कमी करा म्हणतोय. 28 एप्रिलला जमावाने त्याचं घर आणि कारखाना उद्ध्वस्त केला. ‘फ्रेंच गार्ड’ या पलटणीने गोळीबार केला आणि किमान पंचवीस माणसं मेली. म्हणजे एप्रिलअखेर शिपाई हुकूम पाळत होते.

जून संपेपर्यंत त्याच पलटणीतले काही शिपाई हुकूम मोडू लागले. ही पलटण पॅरिसातच मुक्कामाला असायची. शिपाई त्याच गल्ल्यांत वावरायचे, बरेच जण फावल्या वेळात काहीबाही काम करून पगाराला जोड द्यायचे आणि महागाईचा चटका त्यांनाही बसायचा. तिकडे व्हर्सायला तिसऱ्या वर्गाच्या प्रतिनिधींनी 17 जूनला स्वतःला राष्ट्रीय सभा म्हणून जाहीर केलं होतं. हुकूम न पाळल्याबद्दल कैदेत टाकलेल्या शिपायांना 30 जूनला पॅरिसच्या जमावाने तुरुंग फोडून बाहेर काढलं. 11 जुलैला राजाने लोकप्रिय मंत्री नेकरला काढून टाकलं, शहराभोवती सैन्य जमत होतंच, आणि मग जे झालं ते सर्वश्रुत आहे. एकच बारकावा सांगण्याजोगा. बॅस्टिलच्या आधी लोकांनी पहिला हात घातला तो शहराच्या वेशीवरच्या जकात नाक्यांना. चोपन्नपैकी चाळीस नाके जाळले गेले. 13 जुलैला सेंत-लाझारच्या मठातून धान्य काढून बाजारात नेलं गेलं. 14 तारखेला बॅस्टिलसमोर तोफा आणून लावल्या त्या याच फ्रेंच गार्डच्या शिपायांनी.

सप्टेंबर : पाव आणि व्हेटो

ऑगस्टमध्ये राष्ट्रीय सभेने दोन मोठी कामं केली. 4 तारखेच्या रात्री सरंजामी हक्क रद्द करायला सुरुवात केली आणि 26 तारखेला मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. पण राजा त्यावर संमती देईना. सभेच्या निर्णयाला नकार द्यायचा अधिकार, म्हणजे व्हेटो, राजाला असावा की नसावा यावर वाद पेटला. 11 सप्टेंबरला सभेने काही काळ निर्णय रोखून धरण्यापुरता व्हेटो त्याला दिला.

नवं पीक बरं आलं होतं, तरी पॅरिसात पाव मिळेना. कोरड्या दिवसांत ओढ्यानाल्यांचं पाणी आटलं आणि पाणचक्क्या मंदावल्या. धान्य होतं, पण पीठ नव्हतं. बेकऱ्यांसमोर रात्रीपासून रांगा आणि दाराशी पहारे. रांगेत उभ्या कोण असायच्या? बहुतेक बायकाच. तासन्‌तास एकत्र उभं राहिलं की बातम्या फिरतात, आणि तेव्हाच्या बातम्या होत्या राजा सह्या करत नाही, सभेत व्हेटोवर भाषणं चाललीत, व्हर्सायला नवी पलटण आली आहे. पॅरिसचा राजकीय वाद आणि पॅरिसची भूक एकमेकांना भेटले ते या रांगांमध्ये, असं मला वाटतं.

फ्लँडर्स रेजिमेंट 23 सप्टेंबरला व्हर्सायला पोचली. 1 ऑक्टोबरला राजवाड्याच्या नाट्यगृहात तिच्या अधिकाऱ्यांना मेजवानी झाली. राजा-राणी तिथे आले, दारूच्या भरात राजनिष्ठेच्या आरोळ्या उठल्या. क्रांतीचा तिरंगी बिल्ला पायदळी तुडवला गेला अशी बातमी पॅरिसला पोचली. तो खरोखर तुडवला गेला की नाही यावर तेव्हाही वाद होता, पण मेजवानी झाली हे खरंच होतं आणि पॅरिसात पाव नव्हता हेही.

5 ऑक्टोबर

सकाळी सेंत आंत्वानमध्ये आणि ले हालच्या मुख्य बाजारात बायका जमल्या. घंटा वाजू लागल्या. मासळी आणि भाजी विकणाऱ्या बायका पुढे होत्या, सोबत शिवणकाम, घरकाम करणाऱ्याही. वाटेत भेटेल तिला ओढून घेतलं जात होतं. घरकाम करणाऱ्या एका बेचाळीस वर्षांच्या बाईने नंतर साक्षीत सांगितलं की आपल्याला जबरदस्तीनेच नेलं. मोर्चात सगळ्याच मनाने आल्या नव्हत्या, हेही लक्षात ठेवायला हवं.

आधी त्या नगरसभेच्या इमारतीत घुसल्या. तिथून शस्त्रं आणि तोफा घेतल्या. बॅस्टिलच्या हल्ल्यात गाजलेला स्तानिस्लास माय्यार तिथे होता, त्याला पुढे करून सहा-सात हजार बायका व्हर्सायच्या रस्त्याला लागल्या. अंतर वीसेक किलोमीटर, वर पाऊस. संध्याकाळच्या सुमारास त्या पोचल्या तेव्हा चिखलाने माखलेल्या आणि भुकेल्या होत्या.

इथे एक गोष्ट फार बोलकी आहे. 1775 ची माणसं बाजाराकडे आणि राजवाड्याकडे वळली होती. या बायका आधी राष्ट्रीय सभेत शिरल्या. माय्यारने सभेपुढे पावाची कैफियत मांडली, बायका प्रतिनिधींच्या बाकांवर जाऊन बसल्या आणि लांबलचक भाषणं पुरे, पावाचं बोला म्हणून ओरडू लागल्या. दाद मागायची जागा आता दुसरी होती आणि त्यांना ती ठाऊक होती.

राजा तेव्हा मदोंच्या रानात शिकारीला गेला होता. त्याला बोलावून आणलं. सभेचा अध्यक्ष मुनिए काही बायकांना घेऊन त्याच्याकडे गेला. त्यांच्यातर्फे बोलायला निवडली होती सतरा वर्षांची लुईझों शाब्री. ती राजासमोर कसाबसा पाव हा शब्द उच्चारून भोवळ येऊन पडली. राजाने तिला सावरलं, पॅरिसला धान्य पाठवतो म्हणून शब्द दिला. ती आनंदाने बाहेर आली आणि बाहेरच्या बायका तिच्यावरच उलटल्या. राजाने हिला पैसे चारले, हिला फासावर द्या, असं म्हणू लागल्या. तिला कशीबशी सोडवली आणि परत आत पाठवली, राजाकडून लेखी आणायला.

माझ्या दृष्टीने हा क्षण या प्रकरणाचा गाभा आहे. राजा त्या मुलीशी कनवाळूपणे वागला होता, शब्दही त्याने मनापासून दिला असावा. जुन्या समजुतीप्रमाणे एवढं पुरेसं व्हायला हवं होतं. अन्नदात्याने ऐकलं, प्रजा घरी गेली. पण त्या रात्री अंगणात उभ्या असलेल्या बायकांना शब्द नको होता, सही हवी होती. कागद मिळाला. तो घेऊन माय्यार काही बायकांसोबत रात्रीच पॅरिसला परतला. त्याच रात्री राजाने मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यालाही बिनशर्त मान्यता दिली. आठवडेच्या आठवडे सभेला जे मिळालं नव्हतं, ते एका संध्याकाळीत मिळालं.

मंत्र्यांपैकी सँ-प्रीस्तने राजाला रांबुयेच्या राजवाड्यात निघून जायचा सल्ला दिला होता. राजा घुटमळला. पळपुटा राजा म्हणवून घेणं त्याला रुचेना. पुढे गाड्या जोडायला घेतल्या तोवर जमावाने रस्ता अडवला होता.

तिकडे पॅरिसात राष्ट्ररक्षक दल या शहराच्या नव्या नागरी सैन्याचा सेनापती लाफायेत याला त्याच्याच दलाने दिवसभर कोंडीत धरलं होतं. व्हर्सायला चला, असा त्यांचा हट्ट. यात पुढे कोण होते? पूर्वीच्या फ्रेंच गार्डचे शिपाई, जे आता या दलात पगारी झाले होते. एप्रिलमध्ये लोकांवर गोळ्या झाडणारी पलटण ऑक्टोबरमध्ये आपल्या सेनापतीलाच लोकांमागे ओढून नेत होती. लाफायेत निघाला तो नाइलाजाने, आणि मध्यरात्रीच्या सुमारास पोचला. राजाने पॅरिसला राहायला यावं, ही मागणी आता या दलातर्फे अधिकृतपणे राजापुढे आली.

6 ऑक्टोबर

पहाटे सहाच्या सुमारास काही लोक राजवाड्याच्या उघड्या राहिलेल्या दारातून आत शिरले. अंगरक्षकांशी चकमक झाली, अंगणात एका तरुण कारागिराला गोळी लागली, मग जमाव राणीच्या दालनाकडे धावला. दोन अंगरक्षक मारले गेले, त्यांची मुंडकी भाल्यांवर चढली. राणी आतल्या वाटेने राजाच्या खोलीकडे पळाली. हा भाग गाळून हा मोर्चा निव्वळ शौर्यगाथा म्हणून सांगणं मला पटत नाही. ज्यांचं ऐकून घ्यायला वर्षानुवर्षं कोणी नव्हतं, त्यांच्या रागाला त्या सकाळी कसलाच बांध उरला नव्हता.

राणीवरचा रोष वेगळाच होता. ‘पाव नसेल तर केक खा’ हे वाक्य तिच्या तोंडी घातलं जातं, पण ते तिचं असल्याचा पुरावा नाही. तशाच एका वाक्याचा उल्लेख तत्त्वज्ञ रूसोने केला तेव्हा ती ऑस्ट्रियात वाढणारी लहान मुलगी होती. तरी सगळ्या दुःखाचं खापर ‘त्या परकी बाई’वर फोडणं तोवर रूढ झालं होतं. लाफायेतने तिला गच्चीत आणून जमावादेखत तिच्या हाताचं चुंबन घेतलं आणि तणाव थोडा निवळला. राजाही गच्चीत आला. खालून एकच आरोळी : पॅरिसला चला.

दुपारी एकच्या सुमारास मिरवणूक निघाली. राजाची गाडी, राष्ट्ररक्षक, बायका, तोफा आणि पिठाच्या गाड्या. बेकरीवाला, बेकरीवाली आणि त्यांचा पोरगा घेऊन आलो, असं बायका ओरडत होत्या. जुनी अन्नदात्याची कल्पना अजून जिवंत होती, फक्त अन्नदाता आता नजरेसमोर ठेवायचा होता. रात्री उशिरा राजघराणं त्वीलरी राजवाड्यात पोचलं.

फरक कशाने पडला

भूक 1775 मध्येही होती, म्हणून क्रांतीचं खापर नुसत्या भुकेवर फोडता येत नाही. नुसत्या नव्या विचारांचं श्रेयही मी मानत नाही, कारण सप्टेंबरभर सभेतले विचारवंत राजाच्या संमतीची वाट पाहत बसले होते. 1775 मध्ये राज्याकडे विश्वासू सैन्य होतं आणि लोकांपुढे राजाशिवाय दाद मागायची दुसरी जागा नव्हती. 1789 मध्ये खजिना कोसळल्यामुळे राजालाच सभा बोलवावी लागली, आणि सभा आली तशी दाद मागायची जागाही आली. शिपाई शहरवासीयांत मिसळले होते. या सगळ्याहून माझं लक्ष राहतं ते विश्वासाकडे. राजा चांगला, मंत्री वाईट, ही श्रद्धा राजसत्तेची सगळ्यात भक्कम तटबंदी होती. शाब्रीला लेखी आणायला परत पाठवलं गेलं तेव्हा या श्रद्धेला तडा गेलेला दिसतो.

राजा वेळीच सह्या करता तर हे टळलं असतं का? ऑगस्टअखेर जाहीरनाम्यावर सही झाली असती, तर पावाच्या रांगेत निदान व्हेटोचा विषय नसता. भूक सभेसमोर आली असती, पण राजवाड्यात घुसायला कारण उरलं नसतं. लुईने प्रत्येक वेळी दिलं ते उशिरा आणि दबावाखाली, त्यामुळे दिलेलं कोणालाच खरं वाटलं नाही.

नंतर

10 ऑक्टोबरला सभेने त्याचा किताब बदलला. फ्रान्सचा राजा आता ‘फ्रेंचांचा राजा’ झाला. 19 ऑक्टोबरला सभाही पॅरिसला आली. मुनिए राजीनामा देऊन गावी निघून गेला.

पावाचा प्रश्न मात्र सुटला नव्हता. 21 ऑक्टोबरला सभेच्या नव्या जागेजवळच्या एका बेकरीवाल्यावर पाव लपवल्याचा आळ आला आणि जमावाने त्याला ग्रेव्ह चौकात नेऊन मारलं. सभेने त्याच दिवशी लष्करी कायदा मंजूर केला : लाल निशाण फडकलं की जमावाने पांगायचं, नाहीतर गोळीबार. ज्या बायकांनी सभेला राजाची संमती मिळवून दिली, त्यांच्या वस्त्यांवरच हा कायदा रोखलेला होता. शात्ले न्यायालयाने ऑक्टोबरच्या घटनांची चौकशी चालवली, चारशेच्या आसपास साक्षी घेतल्या. रोख होता राजघराण्यातला ड्यूक ऑफ ऑर्लिआँ आणि सभेतला पुढारी मिराबो यांच्या कारस्थानाकडे. बाजारातल्या बायका कोणी पैसे दिल्याशिवाय व्हर्सायपर्यंत जातील, हे वरच्या वर्तुळात अनेकांना पटत नव्हतं. अखेर 2 ऑक्टोबर 1790 ला सभेने त्या दोघांवर खटला भरायला नकार दिला.

20 जून 1791 च्या रात्री राजघराणं त्वीलरीतून वेषांतर करून पळालं आणि व्हारेन या गावी पकडलं गेलं. जाताना लुईने स्वतःच्या हाताने लिहिलेलं निवेदन मागे ठेवलं होतं. त्यात त्याने म्हटलं की आपल्याला कसलंच स्वातंत्र्य नसल्यामुळे ऑक्टोबर 1789 पासून आपण केलेली सगळी कृत्यं रद्दबातल ठरतात. आपली सत्ता गेली ती केव्हापासून, याचा त्याचा स्वतःचा हिशेब बॅस्टिलपाशी सुरू होत नव्हता, त्या पावसाळी सोमवारपाशी होत होता.